पृथ्वीचे सहजीवन : भूमी, जल, वायू आणि जीव एकमेकांना कसे सांभाळतात



आजच्या स्वाध्यायाला बसण्यापूर्वी एक छोटी कृती करा. तांब्याभर पाणी समोर ठेवा आणि दोन मिनिटे शांतपणे त्याच्याकडे पाहा. आपण रोज हे पाणी पितो, पण ते कुठून आले याचा विचार क्वचितच करतो. कोणी म्हणेल नळातून, कोणी म्हणेल बोअरिंगमधून. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. या तांब्यातील पाण्यात एक समुद्र आहे, एक डोंगर आहे, एक जंगल आहे आणि कोट्यवधी सूक्ष्म जीवांचे श्रम आहेत. आजच्या पाठात आपण त्यांची ओळख करून घेणार आहोत.

मी रायपूरला राहते, वाणिज्य शाखेत शिकते आणि आपल्या परिवारातील हिंदी पाठ मराठीत आणण्याची सेवा करते. विज्ञान हा माझा विषय नाही. त्यामुळे हा पाठ मी जिथे राहते त्या भूमीच्या आधारानेच मांडते आहे. तुम्ही नागपूर, पुणे, इंदूर किंवा आणखी कुठेही असाल, तर वाचताना आपल्या गावाची नदी आणि आपल्या गावाची माती डोळ्यांसमोर ठेवा. नावे बदलतील, नियम तोच राहील.

१. पाच तत्त्वे वेगवेगळी राहत नाहीत

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पंचमहाभूते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजचे विज्ञान जवळपास अशीच विभागणी वेगळ्या नावांनी करते. खडक आणि माती म्हणजे शिलावरण, सर्व पाणी म्हणजे जलावरण, हवा म्हणजे वातावरण आणि या तिन्हींमध्ये वावरणारे सर्व जीव म्हणजे जीवावरण. या सर्वांना चालवणारी शक्ती सूर्याकडून येते.

शाळेत आपण हे चार वेगवेगळे धडे म्हणून शिकलो. परीक्षेसाठी ते सोयीचे होते. प्रत्यक्षात मात्र एकही तत्त्व एकटे राहत नाही. पाण्यात वायू विरघळलेला असतो, मातीत पाणी असते, हवेत वाफ आणि धूळ असते, आणि जीवाच्या देहात तर सर्वच एकत्र नांदतात. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून जल, जलापासून पृथ्वी, पृथ्वीपासून वनस्पती आणि वनस्पतींपासून अन्न असा क्रम सांगितला आहे. विज्ञानाची भाषा वेगळी आहे हे मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्या : ऋषींनी तत्त्वांची नुसती यादी दिली नाही, त्यांनी नाते सांगितले.

२. पायाखालचा समुद्र

रायपूर, बलौदा बाजार, भाटापारा या भागात जमीन खोदली की चुनखडीचा खडक लागतो. याच खडकामुळे येथे सिमेंटचे कारखाने आले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या मैदानात चुनखडी आली कुठून?

साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी येथे उथळ समुद्र होता. मासे नव्हते, झाडे नव्हती, जमिनीवर गवताची काडीही नव्हती. पण उथळ, उन्हाने उजळलेल्या पाण्यात नील-हरित जीवाणूंचे चिकट थर पसरलेले होते. ते सूर्यप्रकाश घेत, पाण्यात विरघळलेला कर्बवायू घेत आणि प्राणवायू सोडत. त्यांच्या थरांवर चुन्याचा गाळ बसे, जीवाणू पुन्हा त्यावर वाढत, पुन्हा गाळ बसे. असे थरावर थर चढून घुमटासारखे दगड तयार झाले. शास्त्रज्ञ त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. छत्तीसगडच्या चुनखडीत असे दगड आजही सापडतात. कापलेल्या कोबीसारखे त्यांचे पदर दिसतात.

या जीवाणूंचे पूर्वज त्याहूनही पुष्कळ जुने आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो अशाच जीवाणूंच्या श्रमांमुळे. आज हवेत २१ टक्के प्राणवायू आहे. आपण घेतो तो प्रत्येक श्वास हे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी मागे ठेवलेले धन आहे. त्यांना आपले नावही माहीत नव्हते आणि त्यांनी कोणाकडून काही मागितलेही नाही.

दुसरीही एक गोष्ट पाहा. या खडकात जो कर्बवायू बंदिस्त झाला, तो हवेत राहिला असता तर पृथ्वी तापली असती. शुक्र ग्रहावर नेमके तेच झाले आहे. तेथे जवळपास सगळा कर्बवायू हवेतच राहिला आणि पृष्ठभागाचे तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले. पृथ्वीवर पाणी, जीव आणि खडक यांनी मिळून तो वायू दगडात ठेवून दिला. पण सगळाच नाही. थोडा कर्बवायू आणि वाफ हवेत राहिली, म्हणून पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. हे पांघरूण मुळीच नसते तर ते उणे १८ अंश झाले असते. अति नाही, कमी नाही. योगात ज्याला आपण मिताचार म्हणतो, तो पृथ्वी अशा प्रकारे पाळते.

आता तांब्याकडे परत या. पाऊस पडताना हवेतील कर्बवायू त्यात थोडा विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरते, दगडाला हळूहळू विरघळवते, भेगा रुंद करते आणि तेथेच साठून राहते. रायपूरचे बरेचसे भूजल याच भेगांत आणि पोकळ्यांत आहे. बोअरिंगचे पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो याच विरघळलेल्या दगडाचा. आई ज्याला वैतागून लिंबू-व्हिनेगर लावून घासते, तो थर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राची आठवण आहे.

३. पावसाचा प्रवास

मे महिन्यात रायपूरचा पारा ४२-४४ अंशांवर जातो तेव्हा आपण सूर्याला दोष देतो. पण तोच ताप पावसाला बोलावतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचे वाफेने भरलेले वारे आत येतात. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा ओलांडून छत्तीसगडवरून पुढे सरकतात. वर्षाला सरासरी १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच.

हे पाणी मग परतीच्या वाटेला लागते. धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात महानदी उगम पावते. राजिमला तिला पैरी आणि सोंढूर भेटतात. रायपूरला पाणी देणारी खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ शिवरीनारायणजवळ महानदीला. पुढे हिराकूड, कटक आणि शेवटी पुन्हा बंगालचा उपसागर. पण समुद्रातून येताना जे पाणी शुद्ध वाफ होते, ते जाताना रिकाम्या हाताने जात नाही. आपल्या शेतांची माती, पानांचा कुजलेला अंश, दगडांतील क्षार घेऊन ते जाते. महानदीच्या फाट्यांचे पाणी चिलिका सरोवरातही उतरते. तेथील मासे, हिवाळी पाहुणे पक्षी आणि कोळी बांधवांची चूल यांच्यात थोडी छत्तीसगडची मातीही आहे.

असे देणे-घेणे किती दूरवर चालते याचे एक उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाचे आहे. आफ्रिकेतील चाड देशात एका आटलेल्या प्राचीन सरोवराची धूळ वाऱ्याने उडते, अटलांटिक महासागर ओलांडते आणि दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर पडते. तेथील पावसाने मातीतील स्फुरद वाहून जातो. ती तूट ही धूळ भरून काढते. उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दरवर्षी सुमारे २२ हजार टन स्फुरद असा पोहोचतो, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला आहे. ज्याला आपण ओसाड वाळवंट म्हणतो, ते जगातील सर्वांत हिरव्या जंगलाला खत पुरवते. निसर्गात निरुपयोगी असे काही शोधायला गेलात तर हात रिकामेच राहतील.

४. एका दाण्यात किती हात

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. येथला शेतकरी आपली जमीन चार नावांनी ओळखतो. उंचावरची मुरमाड ती भाठा, त्याखालची पिवळसर ती मटासी, मग डोरसा आणि सर्वांत खोलगट भागातील काळी, भारी ती कन्हार. पाणी उतारावरून बारीक माती खाली आणत गेले, म्हणून वर खडे उरले आणि खाली चिकण माती साठली. म्हणजे मातीचे प्रकारही पाण्यानेच केले. भाठा जमीन पाणी लगेच सोडते, कन्हार महिनोन् महिने ओल धरते. शेतकऱ्याने हे पुस्तकात वाचले नव्हते, त्याने पायांनी ओळखले होते.

आषाढात बांधीत पाणी उभे राहते. त्या पाण्यात हिरवट शेवाळासारखा थर दिसतो. त्यात पुष्कळदा नील-हरित जीवाणू असतात. होय, ज्यांच्या कुळाने खालची चुनखडी रचली तेच. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण भाताचे रोप ते थेट घेऊ शकत नाही. हे जीवाणू हवेतील नत्र रोपाला घेता येईल अशा रूपात आणतात. १९३९ मध्ये पी. के. डे या भारतीय संशोधकाने भातशेतीतील त्यांचे हे कार्य दाखवून दिले. खाली खडक होऊन घर धरणारे आणि वर शेतात अन्न पुरवणारे हे एकाच कुळातील जीव आहेत.

भात पिकत आला आणि शेतात थोडी ओल शिल्लक असली की शेतकरी उभ्या पिकातच तिवरा किंवा जवस फेकून पेरतो. याला उतेरा म्हणतात. पूर्व विदर्भातील वाचकांना हे परिचित असेल. तिवरा म्हणजेच आपली लाखोळी. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. भाताने न वापरलेल्या ओलीवर दुसरे पीक येते. तिवऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू पुन्हा नत्र साठवतात आणि पुढच्या भाताची सोय होते. एकाने उरवलेले दुसऱ्याचे भोजन होते आणि दुसऱ्याने मागे ठेवलेले पहिल्याच्या उपयोगी पडते.

आता ताटातील भाताकडे पाहा. त्या दाण्याच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग मातीतून आलेला नाही. तो हवेतील कर्बवायू आणि पाणी यांच्यापासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने घडला आहे. मातीने त्यात थोडेसेच क्षार घातले, पण त्या थोड्याशिवाय बाकीचे घडलेच नसते. म्हणून अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणे ही केवळ भावना नाही. एका घासात खरोखरच सर्व तत्त्वे आहेत. सुगीनंतर छत्तीसगडची माणसे दारावर धानाच्या लोंब्यांची झालर बांधतात आणि चिमण्या ती टिपतात. धान्य केवळ आपल्यासाठी आले नाही, हे इतक्या सहज सांगणारा दुसरा पाठ मला माहीत नाही.

५. सालाचे बीज आठवडाभर थांबते

छत्तीसगडचा ४० टक्क्यांहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. साल हा येथील राज्यवृक्ष. गावकरी त्याला सरई म्हणतात. सालाचे बीज उन्हाळ्याच्या शेवटी पिकते. त्याला पाच पंखांसारख्या पाकळ्या असतात. मृगाच्या आधीचा वारा सुटला की बीज भिरभिरत दूर जाऊन पडते. हे बीज साठवून ठेवता येत नाही. साधारण आठवडाभरात त्याची रुजण्याची शक्ती संपते. म्हणजे वारा सुटणे, बीज पडणे आणि पाऊस येणे या तीन गोष्टी एका आठवड्यात जुळून याव्या लागतात. हजारो वर्षे त्या जुळत आल्या, म्हणून जंगल आहे. पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर आपल्याला फक्त उकाडा होतो; सालाची एका वर्षाची पिढी जाते.

जंगलही पावसाला परतफेड करते. मुळे खोलवरचे पाणी ओढतात आणि पाने ते वाफ करून हवेत सोडतात. जमिनीवर पडलेला पाचोळा पावसाचा मार स्वतःवर घेतो, पाणी थोपवतो आणि हळूहळू मुरू देतो. म्हणून जंगलातला नाला पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस वाहतो आणि उघड्या डोंगरावरचा नाला दोन तासांत गढूळ होऊन कोरडा पडतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात प्राणी अन्नावर, अन्न पावसावर आणि पाऊस यज्ञावर अवलंबून असल्याचे सांगून, हे चक्र पुढे न चालवणाऱ्याचे जगणे व्यर्थ म्हटले आहे. आपल्या वाट्याचे घ्यावे आणि पुढच्याच्या वाट्याचे सोडावे, हा यज्ञ जंगल रोज करते.

६. तलाव : माणसानेही भागीदार व्हावे

या सर्व व्यवस्थेत माणसाचे स्थान कोणते? केवळ उपद्रव करणाऱ्याचे? तसे नाही. छत्तीसगडच्या पूर्वजांनी दाखवले आहे की माणूस चांगला भागीदार होऊ शकतो. येथे गावोगावी तलाव आहेत, त्यांना तरिया म्हणतात. उतार पाहून बांध घातला, पावसाचे पाणी अडवले, बांधावर वड, पिंपळ, आंबा लावला. नव्या तलावाचे लग्न लावण्याची प्रथा होती. पाण्याच्या मध्यभागी सरईच्या लाकडाचा खांब उभा करीत. ज्याचे लग्न लागले तो घरचा झाला. मग त्यात घाण कशी टाकणार?

रायपूर हे तलावांचेच शहर. बूढातालाब, महाराजबंद, तेलीबांधा, कंकाली ही नावे आजही आहेत. तलाव केवळ वापरायचे पाणी देत नाही. तळातून ते पाणी खाली मुरवतो आणि विहिरींना जिवंत ठेवतो. शिवाय तो शहर थंड करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून निघून जाते. एवढे काम करणारे यंत्र बसवायचे तर किती बिल येईल, याचा हिशेब वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला लगेच सुचतो. तलाव हे काम बिल न पाठवता करतो. रजबंधा मैदान या नावात मात्र फक्त बंध उरला आहे. पाणी बुजून मैदान झाले. तुमच्या शहरातही अशी नावे शोधा. 'तलाव' नावाच्या रस्त्यावर तलाव आहे का, ते पाहा.

७. ताळा कुठे बिघडतो

निसर्ग बदल सोसतो, पण त्याचा वेग त्याचा स्वतःचा असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. भट्टी पेटवण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा धूर वेगळा. कोळसा हेही जुन्या जंगलांनी जमिनीत ठेवलेले कर्बच आहे. जे जमा करायला कोट्यवधी वर्षे लागली, ते आपण दोन-तीन पिढ्यांत खर्ची टाकत आहोत. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते. मग पाऊस संथ, रिमझिम न येता कमी वेळात कोसळतो. कोसळणारे पाणी मातीला पिता येत नाही. ते वाहून जाते. त्यातून माती सिमेंटने झाकलेली असेल तर पिण्याचा प्रश्नच नाही. पाहा, हवेतील बिघाड पाण्यात उतरला, पाण्यातील मातीत, मातीतील विहिरीत आणि विहिरीतील आपल्या घरात. ज्या नात्यांनी जीवन टिकते, त्याच नात्यांवरून हानीही प्रवास करते.

सिमेंट वापरूच नये असे मी म्हणत नाही. माझ्या डोक्यावरचे छतही त्याचेच आहे. प्रश्न इतकाच, की गरजेपुरते किती आणि सवयीचे किती?

८. माझ्या अंगणाचा हिशेब

येथे मला एक कबुली द्यायची आहे. रायपूरच्या जुन्या वस्तीत आमचे घर आहे, मागे विहीर आहे आणि पुढे अंगण. दोन वर्षांपूर्वी चिखलाला कंटाळून बाबांनी अंगणात फरशी बसवायचे ठरवले. खर्चाचे पत्रक मीच तयार केले. झाडलोटीचा वेळ वाचेल, गाडी लावता येईल, घराची किंमत वाढेल, असे तीन फायदे मी लिहिले. तोट्याच्या रकान्यात फक्त मजुरी आणि सामान होते. आजी एवढेच म्हणाली, "अगं, पाणी वरून पडतं, पण विहिरीत येतं खालून. खालची वाट बुजवलीस तर ते यायचं कुठून?" मी हसले. एवढ्याशा अंगणाने काय होणार, असे मला वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर चैत्रातच आटली. आजीच्या आठवणीत असे पहिल्यांदाच घडले. ती काही बोलली नाही. तिने रहाटावरचा दोर काढला, गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. त्याच सुमारास मी एका पाठाचे भाषांतर करीत होते आणि त्यात पाणी जमिनीत मुरण्याविषयी एक साधे वाक्य होते. ते मराठीत लिहिताना माझा हात थांबला. जे मी हजारो वाचकांना सांगणार होते, ते माझ्याच दारात मी बंद केले होते.

मग मी पत्रक पुन्हा मांडले. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे अंगण ४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. १२०० मिलिमीटर पावसात त्यावर वर्षाला ४४ हजार लिटर पाणी पडते. छत १००० चौरस फूट. त्यावर सुमारे १ लाख ११ हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरतात. चार माणसांच्या घराला हे छताचे पाणी हिशेबाने २०० दिवस पुरेल. काही उडते, काही वाहते, सगळे हाती लागत नाही. तरी हा आकडा मी आधीच्या पत्रकात कुठेच लिहिला नव्हता. फुकट मिळते ते मी शून्य धरले होते.

बाबांशी तीन आठवडे वाद झाला. शेवटी अर्धी फरशी निघाली, तेथे माती आणि पारिजातक आला, आणि छताचे पाणी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात सोडले. आता तुम्ही विचाराल, विहिरीला पाणी आले का? या वर्षी ती वैशाखापर्यंत टिकली. पण याचे श्रेय मी आमच्या खड्ड्याला देणार नाही. पाऊसही या वेळी बरा झाला होता. खालचा खडक एका घराचा नसतो. शेजारच्या दहा अंगणांचे पाणी आणि दहा बोअरिंगची ओढ त्याच भेगांत एकत्र होते. म्हणून एकट्याने केलेले पुरत नाही. पण एकाने न करण्याचे ते कारणही होऊ शकत नाही. आता गल्लीतील आणखी दोन घरांनी गाळणी कशी केली ते विचारले आहे. आजीने दोर अजून खाली काढलेला नाही. ती वाट पाहते आहे, आणि मीही.

९. पोळ्यासमोर थांबलेला मुलगा

१८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, कुटुंबासह रायपूरला आला. रेल्वे तेव्हा येथपर्यंत नव्हती. घनदाट जंगलातून बैलगाडीने पंधरा दिवसांहून अधिक प्रवास होता. वाटेत डोंगराच्या एका कड्यात त्याला मधमाश्यांचे प्रचंड पोळे दिसले. त्या राज्याचा आरंभ कुठला, अंत कुठला, ते कोण चालवतो, या विचारात तो इतका बुडाला की काही काळ त्याचे बाह्य भान हरपले, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. रायपूरच्या बूढातालाबाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात.

त्या मुलाला ध्यानाची खोली लागली नाही. त्याने फक्त नीट पाहिले. मधमाशी आपल्यासाठी मध गोळा करते आणि तिच्या नकळत भोपळ्याला फळ धरते, मोहरीत दाणे भरतात. तीही त्या मोठ्या व्यवस्थेची सेविका आहे. आपल्या आजूबाजूला रोज असे पोळे लटकलेले असते. आपण बैलगाडीत नसतो, म्हणून ते दिसत नाही.

१०. या महिन्याचा अभ्यास

चिंतनासाठी प्रश्न (शक्य तर कुटुंबासह बसून चर्चा करा) :

१. तुमच्या घरचे पाणी कोणत्या नदीचे, तलावाचे किंवा खडकाचे आहे? वापरल्यावर ते कुठे जाते?

२. तुमच्या छताचे आणि अंगणाचे क्षेत्रफळ मोजा. वर्षाच्या पावसाने गुणून किती लिटर होतात ते वहीत लिहा.

३. तुमच्या परिसरात कोणता तलाव, ओढा किंवा विहीर बुजली? घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

४. तुमच्या खर्चाच्या वहीत शून्य धरलेल्या कोणत्या गोष्टी प्रत्यक्षात कोणीतरी तुम्हाला देत आहे?

संकल्पासाठी : छत्तीसगडमध्ये हरेलीच्या दिवशी शेतकरी नांगर-कुदळ धुऊन त्यांची पूजा करतात. नेमक्या त्याच अमावास्येला आपण मराठी घरांत दिवे उजळून दीपपूजन करतो. पंचांगाची पद्धत वेगळी म्हणून महिन्याचे नाव वेगळे, पण दिवस एकच. या वर्षी दिव्यांबरोबर एक कुदळही पुजू या. आणि पूजा झाल्यावर ती भिंतीला टेकवून न ठेवता अंगणात, सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या कोपऱ्यात पाण्याला खाली जाण्यासाठी एक वाट उघडू या. जागा नसेल तर कुंडीत एक रोप लावा आणि शेजाऱ्याच्या शोषखड्ड्याला दोन तास श्रमदान करा.

समोर ठेवलेला तांब्या आता उचला. त्यातील पाणी पिण्यापूर्वी क्षणभर थांबा. समुद्राने ते पाठवले, वाऱ्याने आणले, जंगलाने थोपवले, मातीने गाळले, खडकाने सांभाळले. आता ते तुमच्या हाती आले आहे. ते पुढे कसे जाईल, हे तुम्ही ठरवायचे आहे.